पाण्याच्या तोंडापुढे

"पाणी कवा सुटतंय गं?"

त्या संध्याकाळी अण्णांनी हे किती वेळा विचारलं असेल, देव जाणे. मी सहावीच्या वह्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसले होते, गॅसवर वरण उतू चाललं होतं, आणि माझे वडील दर पाच मिनिटांनी स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभे राहत होते. आधी मी नीट सांगितलं. मग तुटकपणे सांगितलं. मग नुसतं "हं" केलं. शेवटी माझं डोकं फिरलं. मी मुळातच तापट आहे, हे घरात आणि शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. हातातलं लाल पेन आपटून मी ओरडले, "उद्या पहाटे सुटतंय, अण्णा! जा, तुम्हीच जा पाण्याच्या म्होरं! तुमच्याबिगर दुसरं हाय कोण!"

अण्णांचा चेहरा खुलला. "हाव की. जावंच लागतंय," म्हणाले. मग गुमान बसून दीड भाकरी खाल्ली आणि लवकरच झोपायला गेले. मला वाटलं, सुटले एकदाची. लोह्याच्या आमच्या घरात इतकी शांतता झाली की मी सगळ्या वह्या एका बैठकीत संपवल्या.

अण्णा एकोणऐंशी वर्षांचे. ते पाटबंधारे खात्यात कालव्यावर चौकीदार होते आणि त्यांची सगळी नोकरी धरणापासून टेलपर्यंतच्या त्या एका कालव्यावर गेली. टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक, जिथे पाणी पोचेल की नाही याची कायम धाकधूक असते. कोरड्या कालव्यात शेतीच्या पाळीचं पाणी सोडलं की त्या पाण्याच्या पुढे एका माणसानं चालायचं, अशी तेव्हाची रीत होती. वाहत येणाऱ्या पाण्याच्या पुढच्या कडेला ते 'पाण्याचं तोंड' म्हणायचे. हे तोंड म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं सरकतं. त्याच्या पुढे चालत राहायचं, कालव्यात कुणी गुरं घातलीत का, कुणी गोधड्या धूत बसलंय का, सिमेंटच्या अस्तराला कुठे भेग पडलीय का ते बघायचं, आणि शिट्टी मारून सगळ्यांना वर काढायचं. दुसऱ्यानं शिट्टी हातात घेतल्याशिवाय पहिल्यानं पाण्याचं तोंड सोडायचं नाही, हा त्यातला मोठा नियम. हद्द संपली, पुढचा चौकीदार आला, "चार्ज दिला", "चार्ज घेतला" म्हणून झालं, की मगच घर. पुढचा आलाच नाही तर अण्णा दोन-दोन दिवस घरी येत नसत. आई शेजारणींना सांगायची, "पाणी आणायला गेलेत." आता तसं कुणी चालत नाही. धरणाचं दार उघडतात, मोबाईलवर गावोगाव निरोप जातो, आणि पाणी आपलं आपण येतं.

दोन वर्षांपासून अण्णांना विसर पडतो. सुरुवातीला चष्मा कुठे ठेवला ते, मग शेजाऱ्यांची नावं, मग आई गेली हे. मला ते कधी लेक म्हणून ओळखतात, कधी माझी आई समजतात, कधी कुणीच समजत नाहीत. गेल्या पावसाळ्यात सायकलवरून पडले, तेव्हा मी त्यांची काळी सायकल भंगारात देऊन टाकली. पुण्याला असलेला माझा धाकटा भाऊ दर रविवारी फोनवर एकच सांगतो, "ताई, गेटला कुलूप लाव." आणि मी दर रविवारी त्याला सांगते, की माझा बाप काही शेरडू नाही दावणीला बांधायला.

त्यांची सायकल भंगारात देऊन मी मात्र स्वतःला नवी घेतली, हेही सांगितलं पाहिजे. पन्नाशीला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला नाहीतर सायकल चालवा. मोठ्या उत्साहानं मी लातूर रस्त्याला लागले, आणि पहिल्याच आठवड्यात उसाच्या एका ट्रॅक्टरनं मला कडेच्या काट्यांत घातलं. कोपरातले काटे काढताना मला लहानपणीचा कालव्याचा रस्ता आठवला. भरावावरचा मुरमाचा रस्ता, एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला रानं. सगळं सपाट. ना ट्रक, ना हॉर्न, फार तर एखादा गडी देवणी बैलांची जोडी घेऊन जाताना दिसणार. त्याच रस्त्यासाठी मी जाड, खरबरीत टायरची, खाली वळलेल्या हँडलची ग्रॅव्हल बाईक आणली. स्टाफरूममध्ये मी ग्रॅव्हल म्हणजे काय ते समजावलं, तर आमचे एक सर म्हणाले, "मॅडम, मुरमातनं सायकल हाणायला आमच्या गावात कुणी इतकं शिकत न्हाई." हसा म्हटलं. रोज साडेपाचला निघायची आणि सातला परत यायची. त्या दीड तासात मला कुणी काही विचारत नसे. खरं सांगायचं तर मी साखरेसाठी जात नव्हते, त्याच्यासाठीच जात होते.

दुसऱ्या दिवशीही गेले. नेमकी त्या दिवशी गावाच्या खालच्या अंगाला असलेल्या चारीवरून, म्हणजे कालव्यातून फुटलेल्या लहान पाटाच्या कडेनं, फिरून आले, कालव्याकडे फिरकलेच नाही. सातला परतले तर गेट सताड उघडं होतं. अण्णांची वाकळ घडी घालून ठेवलेली. कोपऱ्यातली काठी नव्हती. कपाटाचा खालचा कप्पा उघडा होता. त्यात त्यांचा खाकी सदरा नव्हता, आणि पितळी शिट्टीची डबी रिकामी होती. मी ती डबी हातात घेतली. आदल्या संध्याकाळी मी जे ओरडले होते ते शब्दन्शब्द कानात वाजलं.

पाणी खरंच सुटणार होतं. निरोप माझ्याच मोबाईलवर आला होता, म्हणून तर तो रागाच्या भरात तोंडातून गेला. आणि कालवा ज्या माणसाला जन्मभर ठाऊक होता, त्याला आता आपल्या घराची मोरी कुठे आहे हे ठाऊक नसतं. नवरा लातूरला नोकरीला, तो शनिवारी येणार. मी भावाला फोन लावला. तो झोपेतूनच म्हणाला, "मी तुला कुलूप—" मी फोन कापला. त्याचं बरोबर होतं, आणि ते ऐकून घेण्याची ताकद त्या वेळी माझ्यात नव्हती.

नाक्यावर पंक्चरवाले चाचा दुकान उघडून बसले होते. माझ्या सायकलचं सगळं तेच बघतात. मी थांबायच्या आतच ओरडून विचारलं, "चाचा, अण्णा दिसले का?"

"अण्णा ना? म्याच सोडलो की पुलावर, स्कूटरीवरनं. सव्वासहा झाले असतील. ड्युटी हाय बोले, पाणी यायलंय बोले. लई खुशीत होते. सलाम करून उतरले." मग माझ्याकडे बघून त्यांचं हसू गेलं. "का गं बेटा, काय झालं?"

मी पेडल मारलं. मागून त्यांचा आवाज आला, "मागच्या चाकात हवा कमी हाय!" असू दे म्हटलं.

पूल आमच्या घरापासून चार किलोमीटर. तिथून कालव्याचा रस्ता डावीकडे धरणापर्यंत सहा किलोमीटर जातो, आणि उजवीकडे टेलकडे. पुलाखाली कालवा अजून कोरडा ठणठणीत होता. मी विचार केला, अण्णा नेहमी धरणाच्या दारापासून सुरुवात करायचे, म्हणजे ते डावीकडेच गेले असणार. विचार कसला, घाई. मी डावीकडे वळले.

एक किलोमीटरभर गेले असेन, तोच समोर आभाळात पांढरं काहीतरी वरखाली होताना दिसलं. बगळे. लहानपणी मी अण्णांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून पाणी बघायला यायची, तेव्हा त्यांनी शिकवलं होतं, "बगळे बघ. बगळे जितं, पाण्याचं तोंड तितं." कोरड्या कालव्यातले किडे, नाकतोडे, बेडक्या पाण्याला भिऊन पुढे पळतात आणि बगळे त्यांना टिपत टिपत चालतात. जवळ गेले. खाली कालव्यात पाण्याचं तोंड येत होतं. मातकट फेस, बाभळीच्या शेंगा, पाचोळा, दोन-तीन बाटल्या, सगळं एकमेकांना ढकलत, चरचर आवाज करत सरकत होतं. लहानपणी हे बघून मी टाळ्या वाजवायची. त्या सकाळी मला ते बघवेना.

कारण तोंडापुढे अण्णा नव्हते.

पुढे नाहीत म्हणजे मागे असतील, पाण्यात असतील, हे मनात आलं. मी धरणाच्या दिशेनं तशीच पुढे निघाले, पाण्याच्या कडेकडेनं, मान वाकडी करून पाण्यात बघत. जसजशी वर गेले तसतसं पाणी वाढत गेलं, आधी गुडघाभर, मग कमरेइतकं. गढूळ, गुपचूप पाणी. मुरमावर चाक घसरत होतं तरी मला समोर बघायचं भान नव्हतं. एका चारीच्या दाराला काहीतरी खाकी अडकलेलं दिसलं. सायकल टाकून मी धावले, भरावावर पालथी पडून हात घातला. गोणपाट होतं. मी ते हातात धरून तशीच पडून राहिले आणि मोठ्यानं रडले. मग उठून पुन्हा सायकलवर बसले.

धरणाच्या दारापाशी खोलीबाहेर एक कर्मचारी चहा पीत बसला होता. "इकडं कुणीच आलं न्हाई, मॅडम," तो म्हणाला. "मी पहाटपासून हितंच हाय. म्हातारं माणूस दिसलं असतं तर सोडलं असतं का मी?"

म्हणजे मी इतका वेळ उलट्या दिशेला पळत होते. परतीची सहा किलोमीटर मी कशी मारली ते मला सांगता येणार नाही. मांड्या पेटल्या होत्या, आणि मी स्वतःला इतक्या शिव्या देत होते की त्या ऐकून आमची अख्खी शाळा बाद झाली असती. पुलापाशी आले तर पाणी केव्हाच पुलाखालून पुढे गेलेलं.

मग मी जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. सायकलवरून उतरले आणि जमिनीकडे बघितलं. आठ महिने मुरमावर सायकल चालवली की रस्ता वाचता यायला लागतो. कुठे भुसभुशीत आहे, कुठे दाबलाय, काल कोण गेलं, आज कोण गेलं. पुलाच्या उजव्या अंगाला चाचांच्या स्कूटरनं वळण घेतलं होतं. तिथून रबरी चपलेचे ठसे सुरू होत होते आणि दर दुसऱ्या पावलाशेजारी काठीचं गोल भोक. वीसेक पावलं ते रस्त्यानं टेलच्या दिशेनं गेले होते. मग गुरं उतरायच्या वाटेकडे वळले, आणि सरळ कालव्यात उतरले. पुढचे ठसे पाण्याखाली होते.

अण्णा कालव्यातून चालत गेले होते. भेगा बघायच्या तर तळातूनच चालावं लागतं. तरणेपणी ते एका उडीत वर येत. आता दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचं उतरतं सिमेंट, आणि वर यायला पायऱ्या फक्त चाऱ्यांच्या दारांपाशी. त्या पायऱ्या त्यांना आठवतील का? मागून पाणी आलं तर ते बाजूला होतील, की त्याच्याकडे बघत उभे राहतील?

लांब टेलच्या बाजूला बगळे उडत होते. मी त्यांच्यावर नजर ठेवून सायकल सोडली. सपाट मुलखाचा हा एक त्रास आहे, जे दिसतं ते जवळ वाटतं आणि लवकर येत नाही. शेवटी पाण्याचं तोंड गाठलं, त्याच्या पुढे गेले. तळ कोरडा. आणखी पुढे. मग कानावर बारीक, तुटक शिट्टी आली. कालव्याच्या मधोमध खाकी सदरा चालला होता. चार पावलं टाकायची, थांबायचं, काठीनं अस्तर ठोकायचं, शिट्टी फुंकायची.

माझ्या जिवात जीव आला आणि लगेच रागही आला, माझं असंच आहे. सायकल भरावावर आडवी टाकली आणि बसूनच घसरत खाली गेले.

"अण्णा!"

त्यांनी वळून बघितलं. माझ्या डोक्यावर हेल्मेट, अंगात भडक पिवळं जाकीट. त्यांच्या डोळ्यांत ओळख नव्हती. "वर व्हा!" तेच माझ्यावर ओरडले. "पाणी यायलंय, दिसंना का? काय करायलीस इतं? वर व्हा म्हणलं ना!"

"तुम्ही चला वर. चला, अण्णा."

"मी ड्युटीवर हाय."

मी त्यांचा दंड धरून ओढलं. त्यांनी काठी आपटली, हात झटकला. त्या सुकलेल्या हातात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. मग माझा तोल गेला. "पुरे झालं आता!" मी किंचाळले. अण्णा दचकले, एक पाऊल मागे सरकले आणि खाली मान घातली. असा चेहरा मी वर्गात रोज बघते. बापाचा तसा चेहरा बघायची वेळ त्या दिवशी माझ्यावर आली, आणि मला माझीच लाज वाटली.

मागे वळणापलीकडून चरचर ऐकू यायला लागली होती. दहा-पंधरा मिनिटं, फार तर.

"म्होरं हळद हाय," अण्णा खाली बघतच म्हणाले. "नळाच्या पुलाखाली. दर साली वाळू घालतेत. बाया हायत, लेकरू हाय." मग अगदी हळू, कुणाला कळू नये असं, "मी पोचत न्हाई."

कुठल्या सालची हळद आणि कुठल्या बाया, मला काय माहीत. पण ते शेवटचं वाक्य मला कळलं. सकाळपासून हा माणूस आपल्याला झेपत नाही हे जाणून चालत होता, कारण शिट्टी घ्यायला कुणी आलं नव्हतं.

मी हेल्मेट काढलं. "मी चार्ज घेतला तर?" विचारलं.

अण्णा ताठ झाले. माझ्याकडे बघितलं, वर भरावावर पडलेल्या सायकलकडे बघितलं. "सायकल तुझी व्हय?"

"माझी."

"शिट्टी मारता येती?"

"येती."

त्यांनी गळ्यातली दोरी काढली. "चार्ज दिला," म्हणाले.

"चार्ज घेतला," मी म्हणाले, आणि शिट्टी गळ्यात घातली.

तेवढंच लागलं. ओढून जे जमलं नव्हतं ते आपोआप झालं. ते स्वतः वळले आणि पन्नास पावलांवरच्या दाराकडे चालू लागले. जवळच्या पायऱ्या कुठे आहेत ते मला माहीत नव्हतं, त्यांना माहीत होतं. एकेक पायरी, माझा खांदा त्यांच्या पाठीला लावून, आम्ही वर आलो. बाभळीखाली कालव्याचा अंतराचा दगड होता, त्यावर त्यांना बसवलं.

"हितनं हलायचं न्हाई," मी बजावलं.

"मी कशाला हलू? चार्ज तुझ्याकडं हाय. जा, निघ. तू गेलेली दिसलीस म्हणजे मला बसवंल."

खाली पाण्याचं तोंड आलं, बगळे आमच्या पायाखालून पुढे गेले. अण्णा ते बघत होते आणि मला हातानं पिटाळत होते.

कबूल करते, त्या क्षणी मला हळदीचं काही पडलेलं नव्हतं. माझं माणूस वर आलं होतं. पुढच्या वळणापर्यंत जायचं, दोन मिनिटं आडोशाला थांबायचं, परत येऊन त्यांना घेऊन घर गाठायचं, असं मी ठरवलं. भरल्या कालव्याच्या काठावर विसरभोळ्या बापाला एकटं सोडून कोण जाईल? दर दहा पेडलला मी मागे बघत होते. खाकी ठिपका दगडावर होता. वळण आलं, ठिपका दिसेनासा झाला, आणि मी हँडल परत वळवलं. वळवता वळवता सहज पुढे नजर गेली.

कालव्याचा तळ पिवळाजर्द होता.

नळाच्या पुलाखाली, म्हणजे पाण्याची मोठी पाईपलाईन कालवा ओलांडते तिथे, लांबच लांब, शिजवलेली हळद वाळत घातली होती. स्वच्छ, तापणारं सिमेंट, हळद वाळवायला त्याहून चांगलं खळं कुठे मिळणार? दोन बाया पायानं हळद उलटीपालटी करत होत्या. पुलाच्या सावलीत नळाला साडीची झोळी बांधली होती. झोळीचं बूड तळापासून हातभर उंच होतं, आणि ती हलत होती.

मी शिट्टी तोंडात धरली आणि छातीतला सगळा वारा त्यात घातला. "वर व्हा!" ओरडले. "पाणी यायलंय! दिसंना का? वर व्हा!" माझ्या तोंडून अण्णाच ओरडले.

आधी लेकरू. दोघींतल्या थोरलीनं झोळी सोडून मुलीला वर माझ्या हातात दिलं. मी तिला बाभळीच्या सावलीत पोत्यावर ठेवलं. निरोप त्यांच्या घरधन्याच्या मोबाईलवर गेला असणार, आणि घरधनी मोबाईल घेऊन मुदखेडला पाव्हण्याकडे गेले होते. बायांना कोण सांगणार? "बाई, थोडा हात लावा हो," धाकटी रडवेली होऊन म्हणाली. "वरीसभराचं हाय."

लेकरू वर आलं होतं. मी जाऊ शकत होते. अण्णा दगडावर असतील का, की उठले असतील? पाय माझे परत फिरायला बघत होते आणि हात घमेल्याकडे गेले. मी खाली उतरले. खराट्यानं लोटायचं, घमेल्यात भरायचं, पोत्यात ओतायचं, पोतं तिघींनी मिळून उतरावरून वर ढकलायचं. एकेका घमेल्याला वाटायचं, हे शेवटचं, आता निघायचं. मग आणखी एक. बगळे वळणावर दिसले तेव्हा दोन ढीग उरले होते. थोरली त्यांच्याकडे धावली, मी तिला पदराला धरून ओढलं आणि चांगलीच खेकसले. आम्ही वर चढलो आणि पाण्याचं तोंड त्या ढिगांवरून गेलं. थोडा वेळ सगळं पाणी पिवळं झालं.

"तुम्हाला कुणी सांगितलं हो, आमी हितं हाव म्हणून?" थोरलीनं विचारलं.

"चौकीदारानं," मी म्हणाले आणि सायकल उचलली.

परत यायला दीड किलोमीटर. इतका लांब रस्ता मी कधी चालवला नाही. वळण घेतलं आणि बाभूळ दिसली, दगड दिसला. दगडावर कुणी नव्हतं. जवळ आले तर काठी दगडाला टेकवून ठेवलेली. काठी होती, अण्णा नव्हते. खाली पाणी मांडीइतकं चढलं होतं आणि चढतच होतं.

मी गेले होते. हळदीसाठी मी बापाला सोडून गेले होते. मी शिट्टी फुंकली, पुन्हा फुंकली, वेड्यासारखी फुंकत राहिले.

"कोण हाय? उगंच कशाला वाजवायलीस?"

आवाज पायऱ्यांवरून आला. वरून तिसऱ्या पायरीवर अण्णा बसले होते. पाणी त्यांच्या पायांपासून अजून हातभर खाली होतं. खालच्या पायऱ्या बुडायच्या आत उतरून त्यांनी ओंजळ भिजवून आणली असावी. तळवे ओले होते आणि ते डोळ्यांना लावत होते. पाळीचं पहिलं पाणी आलं की ते असंच करायचे, हे मला तेव्हा आठवलं. मी त्यांच्या खालच्या पायरीवर, पाण्याच्या आणि त्यांच्या मध्ये जाऊन बसले.

"पोचलीस का येळंवर?"

"पोचले."

"हळद?"

"होती. थोडी गेली. लेकरू वर काढलं."

त्यांनी मान डोलावली. त्यात नवल वाटण्यासारखं त्यांना काही नव्हतं. माझ्या पिवळ्या हातांकडे बघत म्हणाले, "नवीन लागलीस व्हय खात्यात?"

"हाव," मी म्हणाले.

"काम चांगलं हाय तुझं."

दहावीला तालुक्यात पहिली आले होते तेव्हाही अण्णांच्या तोंडून असं काही निघालं नव्हतं. मला रडू आवरेना. मी पाण्याकडे तोंड केलं.

"घरी कोण हाय तुझ्या?"

"वडील हायत. म्हातारे."

"येकटेच?"

"येकटेच."

अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ओला, जड हात. "मंग दे चार्ज हिकडं आन् जा घरी," म्हणाले. "त्यांला येकट्याला सोडून हिंडू नगंस." आणि शिट्टीसाठी हात पुढे केला.

मी शिट्टी मुठीत घट्ट धरली. "चार्ज देत न्हाई, अण्णा," म्हणाले. "अजून पुढचं कुणी आलं न्हाई."

त्यांनी थोडा विचार केला. नियम त्यांना पटला असावा. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते उठले, आणि आम्ही सायकल मध्ये धरून पुलाकडे चालू लागलो.